जुन्या छोट्या गाडीत आधी काय निकामी होते आणि ते कसे ओळखावे

इंदूरमध्ये राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगर भागात संध्याकाळी फेरफटका मारला, तर घरांसमोर ‘एमपी ०९’ क्रमांकाच्या, १२-१४ वर्षे जुन्या छोट्या पेट्रोल गाड्या अजूनही पुष्कळ दिसतात. एरवी त्या राजवाड्यापर्यंत जातात, आणि मे महिन्यात व दिवाळीत सामान आणि नातवंडे भरून नाशिक-पुण्याकडे निघतात. अशा गाडीचा आकडा १,००,००० किलोमीटरच्या पुढे गेला की मालकाला इंजिनाची चिंता वाटू लागते; वास्तविक वेळेवर ऑइल बदललेले इंजिन सहसा सर्वांत शेवटी थकते. त्याआधी थकतात ती रबरे, प्लास्टिकचे भाग, बेअरिंगे आणि विजेच्या जोडण्या, आणि यांतील बहुतेक वस्तू किलोमीटरप्रमाणेच वयानेही म्हाताऱ्या होतात. म्हणून गाडी जुनी असली तरी कमी चाललेली आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पहिली तपासणी कूलिंगची

तपासणीची सुरुवात कूलिंगपासून करावी, कारण येथे काही शे रुपयांचा पाइप संपूर्ण इंजिन बसवू शकतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात नाशिकहून परतताना, खलघाटचा नर्मदा पूल आणि धामनोद मागे टाकून गणेश घाट चढत असताना माझ्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर पडली होती. ती चीर त्या दिवशी पडलेली नव्हती. त्याआधी महिनाभर मी कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत थोडे थोडे पाणी घालत होतो आणि उन्हाळ्यामुळे ते उडत असावे, अशी स्वतःची समजूत घालत होतो. कूलिंगची रचना बंदिस्त असते. त्यात वारंवार भर घालावी लागत असेल, तर गळती कोठेतरी आहेच, हे गृहीत धरावे.

इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडून रेडिएटरचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या जेथे जोडलेल्या असतात, त्या कडा पाहाव्यात; तेथे कुलंट वाळल्याचे हिरवट, गुलाबी किंवा पांढरे डाग दिसल्यास टाकी थकली आहे. होज पाइप हाताने दाबून पाहावेत: ते कडक झाले असतील, दाबताना बारीक चिरा दिसत असतील किंवा क्लिपजवळ फुगले असतील, तर सगळे एकदमच बदलावेत. वॉटर पंपाला एक लहान छिद्र असते आणि आतले सील गेले की कुलंट प्रथम तेथून पाझरते. त्यानंतर गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो का, हे पाहावे. शहरातल्या सिग्नलवर तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक चालणारी गाडी बहुधा पंख्याची मोटर, तिचा रिले किंवा फ्यूज यांच्याकडे बोट दाखवत असते.

येथे एक तक्रार नोंदवणे आवश्यक वाटते. गाडी तापते म्हटले की अनेक मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट अडवून ठेवणारी झडप) काढून टाकतात आणि “अब कभी गरम नहीं होगी” असे सांगतात. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त खाते, आणि मूळ गळती मात्र तशीच राहते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून फेकू नये. त्याचप्रमाणे बोअरिंगचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातल्यास आत क्षार साचतात, म्हणून कुलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडावा (मे महिन्यात ही शिक्षा वाटते, परंतु इंजिनाची उष्णता त्या मार्गाने बाहेर पडते), आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तापलेली गाडी तशीच दामटल्यास सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकते किंवा त्याखालचे सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाते. ऑइलमध्ये दुधाळ रंग आला किंवा सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर येऊ लागला, की ते झाले असे समजावे.

टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची आणि पिस्टनची लय जुळवणाऱ्या पट्ट्याचा, उल्लेख याच ओघात करतो. मारुती ८०० आणि पहिल्या आल्टोच्या ७९६ सीसी इंजिनात, तसेच जुन्या सँट्रोत, रबरी टायमिंग बेल्ट असतो. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज इंजिनांत त्याऐवजी साखळी असते. बेल्ट तुटण्यापूर्वी बहुधा काहीच सूचना देत नाही, म्हणून जुनी गाडी घेताना तो केव्हा बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे मानून मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे बदलावा. त्याच वेळी टेन्शनर बेअरिंग आणि पाझरणारे ऑइल सीलही पाहून घ्यावेत, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळे उघडण्याची मजुरी वेगळी पडते.

खालून येणारे आवाज

खड्डे आणि गतिरोधक यांनी सर्वप्रथम सस्पेन्शनची (चाकांना धरून धक्के झेलणाऱ्या रचनेची) रबरे खाल्ली जातात, आणि प्रत्येक भागाचा आवाज निराळा असल्यामुळे थोडे कान देऊन ऐकल्यास निम्मे निदान घरीच होते. लहान खड्ड्यांवर पुढून ‘टकटक’ ऐकू येत असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे (गाडी वळणात कलू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, पाहावे. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकच ‘धप्’ असा आवाज होऊन गाडी किंचित एका बाजूला ओढत असेल, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेले असते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग कुरकुरत असेल, तर शॉकरच्या वरचे माउंटिंग बेअरिंग संशयास्पद ठरते. वेगाबरोबर वाढत जाणारी, विमानासारखी घरघर व्हील बेअरिंगची असते. उजवीकडे वळताना ती वाढली तर प्रथम डाव्या चाकावर संशय घ्यावा, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना येणारा ‘कट-कट-कट’ हा आवाज एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो, आणि त्याच्या पुष्कळ आधी त्यावरचे रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. त्या अवस्थेत बूट आणि ग्रीस बदलले तर जॉइंट वाचतो.

या सर्वांत बॉल जॉइंटला, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांमधल्या गोल सांध्याला, मी सर्वांत घातक मानतो. बाकीचे भाग त्रास देतात, तर बॉल जॉइंट निसटल्यास चाक आडवे होते. गाडी सपाट जागी जॅक आणि स्टँडवर घेऊन चाक वर आणि खाली धरून हलवावे. खुळखुळ जाणवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग यांपैकी कशात ढिलाई आहे, हे मिस्त्रीकडून पक्के करून घ्यावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. अलाइनमेंट या दुरुस्तीनंतरच करावी. आधी केल्यास तो खर्च वाया जातो.

गाडी जागेवर थरथरते आणि गिअर टाकताच झटका देते, तेव्हा क्लचला दोष देण्याआधी इंजिन माउंटिंग पाहावे, ज्याला आमच्याकडचे मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात. क्लचची परीक्षा वेगळी आहे: मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबावा, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरत आहे. गिअरबॉक्स एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीझ बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावीत आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही त्याच वेळी पाहून घ्यावे. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवणारे बहुतेक लोक वर्षभरात त्याच गॅरेजमध्ये पुन्हा भेटतात.

वीज, पेट्रोल आणि ब्रेक

सकाळी ‘सेल्फ’ घेताना नुसते ‘टक’ झाले की लोक नवी बॅटरी आणतात. त्याआधी साधा मल्टिमीटर लावावा: रात्रभर उभ्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ दरम्यान असावा. तो वाढत नसेल तर अल्टरनेटरचे (बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे) ब्रश किंवा रेग्युलेटर गेले आहेत, आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते थोडक्या खर्चात बदलून देतो. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करणे, हा उपाय मात्र सर्वांत आधी करावा. त्याला पैसेच लागत नाहीत.

पावसाळ्यात इंजिन ‘मिसिंग’ मारू लागले, म्हणजे मध्येच अडखळू लागले, तर प्लग आणि इग्निशन कॉइल पाहावी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो आणि कायमचा बिघडतो, म्हणून गाडी फार पुढे नेऊ नये. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेले नव्हते; तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि ओ-रिंग वर्षातून एकदा तरी पाहाव्यात. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येणारी गाडी त्या दिवशीच दाखवावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरताना ओलावा असलेले ऑइल तापून उकळते आणि पेडल एकाएकी स्पंजासारखे मऊ पडते; अशा उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळत आहे. पुढचे रबरी ब्रेक पाइप १० वर्षांचे झाले असल्यास वरून चांगले दिसले तरी बदलावेत.

एसी, पॉवर विंडो, मॅट झालेले हेडलाइट यांना मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण त्यांच्यामुळे गाडी वाटेत उभी राहत नाही. गंजाची गोष्ट वेगळी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती ५ वर्षांसाठी वाढवताना गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी दाखवावी लागते. त्या सुमारास मोठा खर्च करण्यापूर्वी दारांच्या खालची पाणी निघण्याची छिद्रे, स्पेअर चाकाची जागा आणि लोअर आर्म जेथे बॉडीला जोडलेला असतो तो पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहावा. दारांचा गंज कापून भरता येतो. लोअर आर्मच्या मुळाशी पत्रा भुसभुशीत लागला, तर नवा क्लच किंवा नवे टायर त्या गाडीत घालू नयेत.