एसएमपीएसचं व्होल्टेज तपासायचंय? आधी ही तयारी

कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला की संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो आणि बहुतेक जण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर जाऊन व्होल्टेज बघतात. तो आकडा मदरबोर्डवरच्या सेन्सरचा, त्यावर फार विसंबू नका. शिवाय बायोसमध्ये असताना मशीनवर लोड, म्हणजे कामाचा ताण, जवळजवळ नसतोच. व्होल्टेज मोजायचं ते मल्टीमीटरने, आणि मशीन राबत असताना.

म्हणून सुरुवात मीटरपासून. त्याची बॅटरी उतरली असेल तर आकडे चुकतात. नवी बॅटरी घाला आणि एका कोऱ्या एए सेलवर मोजून बघा, दीडच्या किंचित वर यायला हवं. लाल प्रोबची वायर व्होल्टच्याच सॉकेटमध्ये आहे ना, हे नीट बघा. ती चुकून १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली, तर प्रोब टेकवताक्षणी शॉर्ट होईल. नॉब डीसी २० व्होल्टवर. एक क्रोकोडाइल क्लिप हवीच. काळा प्रोब मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरच्या) काळ्या वायरच्या पिनला अडकवून टाकला की सगळं लक्ष लाल टोकावर राहतं. ते टोक बारीक हवं, कारण मदरबोर्डला वीज देणारा चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डवर तसाच ठेवून, मागून जिथे वायर आत शिरते तिथून ते घालायचं असतं. अंगठी, कडं काढून ठेवा.

फायलींचा बॅकअप घ्या, लोड दिल्यावर मशीन धाडकन बंद पडू शकतं. आणि एसएमपीएसचा डबा कोणत्याही कारणाने उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

कागदावर रकाने आधीच आखा. पिवळी वायर १२ व्होल्टची, ११.४ ते १२.६ चालेल. लाल ५ ची, ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.३ ची, साधारण ३.१४ ते ३.४६. जांभळी स्टँडबायची, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारी, तीही ५ चीच, आणि मशीन बंद पण मेन स्विच चालू असताना ती पहिल्यांदा मोजा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा समोर हवा, अंदाजाने प्रोब घालू नका.

हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून बघण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. त्यातून एसएमपीएस सुरू होतो, एवढंच कळतं.

लोडसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ताणणारा प्रोग्राम आधीच टाकून ठेवा. पिवळीचा आकडा आधी निवांत असताना लिहा, मग दहा-पंधरा मिनिटं लोड देऊन. १२.१ वरून ११.५ वर आला तर तो मर्यादेत आहे खरा, पण मी अशा एसएमपीएसवर विश्वास ठेवणार नाही. ग्राफिक्स कार्डच्या आठ पिनांच्या कनेक्टरवरही मोजा. बोर्डवर आकडा ठीक आणि फक्त इथेच कमी असेल, तर मशीन बंद करून तो कनेक्टर काढा आणि प्लास्टिक पिवळं पडलंय का, पिन काळी झालीय का बघा. दोष बहुधा तिथेच असतो.

सगळे आकडे चांगले येऊनही रीस्टार्ट थांबत नसेल, तर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला झपाट्याने होणारा बारीक चढउतार, असू शकतो. १२ व्होल्टवर त्याची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, आणि तो ऑसिलोस्कोपशिवाय नीट दिसत नाही. त्यापेक्षा खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं सोपं. तो मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा असेल तर त्याच्याच केबल मागून घ्या. जुन्या केबल त्यात बसतात, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, आणि तेवढ्यानेही हार्ड डिस्क जळते.