पायाचा तळ ओला का राहायचा

"पाय परत बिघडला," असं मी फोनवर म्हणाले आणि आई घाबरली, "अगं, मुरगळला का?" पूर्व लंडनमध्ये राहून पाय अँड मॅश घरी करायचा नाद लागला की असे घोळ होतात. इथला हा जुना कामगारवस्तीतला पदार्थ: पाय (इंग्रजीत pie) म्हणजे पारीत भरून, वर पारीचंच झाकण लावून भाजलेला गोमांसाचा खिमा, बाजूला कुस्करलेला बटाटा, वरून पार्स्लेचा हिरवा रस्सा. त्याला 'लिकर' म्हणतात, पण दारूचा थेंबही नसतो. पूर्वी तो ईल मासे शिजवलेल्या पाण्यात करत.

माझं दुखणं एकच. झाकण खुसखुशीत, तळ मात्र गिच्च. तीन रविवार ओव्हनची आच वाढवत बसले. झाकण करपलं, तळ तसाच! चूक माझ्या घाईत होती. गरम सारण भरलं की पारीतली चरबी भाजायच्या आधीच वितळते. आता खिमा आदल्या रात्री दाट आटवून फ्रिजमध्ये पूर्ण गार करते. चिनी मातीचं भांडं सोडून पातळ पत्र्याचा साचा घेतला. सगळ्यात फरक पडला तो ट्रेमुळे: रिकामा ट्रे ओव्हनमध्ये २०० अंशांवर तापवायचा आणि साचा थेट त्यावर ठेवायचा, म्हणजे तळाला लगेच चटका बसतो. झाकणाला वाफेसाठी भोक हवंच.

बटाटा मिक्सरला लावू नका, डिंक होतो. हातानंच कुस्करा.

परवाचा पाय उलटून पाहिला, तळ कोरडा, खरपूस. वर मिरचीचं व्हिनेगर शिंपडून काट्या-चमच्यानं खाल्ला, इथल्या रीतीप्रमाणे सुरी न घेता.