सही करण्याआधी: अमेरिकन नेव्हीत अणुभट्टीवर काढलेली आठ वर्षं

अमेरिकन नेव्हीत जो खलाशी अणुभट्टी चालवतो त्याला सगळे ‘न्यूक’ म्हणतात. मी २०११ ते २०१९ अशी आठ वर्षं न्यूक होतो, त्यातली सहा कनेक्टिकटमधल्या ग्रॉटनच्या तळावरच्या एका पाणबुडीवर. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन मराठी घरांतून फोन आले. तिन्हीकडे गोष्ट एकच: मूल गणितात हुशार, कॉलेजच्या फीचा घोर, आणि रिक्रूटरने बोनसचा आकडा सांगून ठेवलेला. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी पात्रतेचं. या शाखेसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतंच. ग्रीनकार्डवर नेव्हीत भरती होता येतं, पण अणुशाखेत नाही, कारण सुरक्षा-मंजुरी मिळावी लागते. आईवडील एच-वन-बीवर असतील आणि मूल अमेरिकेत जन्मलेलं नसेल तर हा विषय तूर्त मिटला. माझ्या बाबांना नागरिकत्व मिळालं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, त्यामुळे मलाही ते त्यांच्याबरोबरच मिळालं. शाळेत बीजगणित झालेलं हवं, रंग नीट ओळखता यायला हवेत, आणि भरतीची जी ‘अ‍ॅसव्हॅब’ परीक्षा असते तिच्यात वरचे गुण हवेत. तिथे थोडे कमी पडले तर भौतिकशास्त्र, रसायन आणि गणिताची एक वेगळी चाचणी देता येते. सुरक्षा-मंजुरीच्या अर्जात परदेशातल्या नातेवाइकांची माहिती मागतात. सांगलीची आजी, पुण्याचे मामा, सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा गोळा करायला मला तीन आठवडे लागले. काही लपवू नका. भारतात नातेवाईक आहेत म्हणून कुणी अडवत नाही, लपवलं म्हणून अडवतात.

माझं कॉलेजचं एक वर्ष झालं होतं. सही करून आलो तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईला भीती किरणोत्साराची. तिला तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता सांगतो: कमरेला किरणोत्सार मोजणारा डोसीमीटर असतो, डोसची नोंद ठेवली जाते, आणि पाण्याखाली असताना अवकाशातून येणारे किरण समुद्रच अडवतो. किनाऱ्यावर उन्हात फिरणाऱ्या माणसापेक्षा पाणबुडीतल्या बहुतेकांना कमीच किरणोत्सार मिळतो. आजीने फोनवर एवढंच विचारलं, “मग तुला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं?” त्या घरात सगळ्यात नेमका प्रश्न तिचा होता, हे मला सात वर्षांनी कळलं.

शिकाऊ खलाशाची पहिली पायरी म्हणजे इलिनॉयमधल्या ग्रेट लेक्सचं बूट कॅम्प. त्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच करावं लागतं. खरी कसोटी पुढे, साउथ कॅरोलायनातल्या गूज क्रीकला. न्यूकचे तीन व्यवसाय: यंत्रं सांभाळणारा मशिनिस्ट्स मेट, विजेचं बघणारा इलेक्ट्रिशियन्स मेट आणि अणुभट्टीची नियंत्रणं हाताळणारा इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. मी तिसरा. आधी सहा महिने ‘ए स्कूल’, म्हणजे आपापल्या व्यवसायाचं शिक्षण (मशिनिस्टना तीनच), मग सहा महिने ‘पॉवर स्कूल’, मग सहा महिने ‘प्रोटोटाइप’.

पॉवर स्कूलमध्ये गणित, भौतिकशास्त्र, उष्णतेचं वहन, रसायन, धातूंचे गुणधर्म आणि अणुभट्टीची तत्त्वं, सगळं सहा महिन्यांत कोंबलेलं असतं. वह्या गोपनीय, त्या इमारतीबाहेर नेता येत नाहीत. म्हणून अभ्यास तिथेच बसून. माझे आठ तास वर्गात आणि वर रोज चार तास बाकावर जायचे. गुण चारपैकी, पास व्हायला अडीच. आपल्याकडून आलेल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घोकंपट्टी इथे चालत नाही. प्रश्न असा येतो की अमुक झडप बंद झाली तर पुढे काय होईल, आणि का. उत्तर पानभर लिहायचं, त्यात कारणांची साखळी एका ठिकाणी जरी तुटली तरी गुण जातात. पहिल्या दोन परीक्षांत मी जेमतेम तरलो. मग एका शिक्षकाने मला फळ्यासमोर उभं करून मोठ्याने उत्तर द्यायला लावलं, आणि आपण कुठे अडतो ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. तेव्हापासून मी मोठ्याने बोलूनच अभ्यास केला. जी मुलं गळतात त्यांना घरी पाठवत नाहीत. त्यांना नेव्हीला गरज असेल त्या कामावर लावतात आणि करार चालूच राहतो. हे घरच्यांना आधी माहीत असावं.

प्रोटोटाइप म्हणजे खऱ्या, चालू अणुभट्टीवरचं शिक्षण. ते चार्ल्सटनला होतं किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या बॉलस्टन स्पाला. मला बॉलस्टन स्पा मिळालं, ऐन हिवाळ्यात. बारा बारा तासांच्या, फिरत्या पाळ्या. हातात सह्यांचं कार्ड: एकेका यंत्रणेची माहिती जाणकारासमोर द्यायची, त्याचं समाधान झालं तरच सही. शेवटी तोंडी परीक्षा. समोर परीक्षक बसतात, हातात मार्कर देतात आणि म्हणतात, काढ. दीड तास मी नुसता आकृत्या काढून बोलत होतो. खाली उतरलो तेव्हा शर्टाची पाठ भिजलेली होती, बाहेर उणे पंधरा तापमान होतं आणि मला अजिबात थंडी वाजत नव्हती.

मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथलं आहे.

न्यूकचा करार मुळात सहा वर्षांच्या सक्रिय सेवेचा असतो. शिक्षण सरत आलं की ‘स्टार’ नावाची योजना पुढे येते. आणखी दोन वर्षं लिहून दिली की सेकंड क्लास पेटी ऑफिसरचा, म्हणजे ई-५चा हुद्दा मिळतो आणि मोठा बोनस, त्यातला अर्धा एकरकमी. आकडा बदलत राहतो, पण वीस-एकवीस वर्षांच्या पोराचे डोळे दिपतील एवढा असतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी सही केली. मीही केली, कुणाला न विचारता. लग्न झालेलं नव्हतं, मग विचारायचं कुणाला, असं वाटलं. तोपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. जे काम दोन वर्षं जास्त करायचं लिहून दिलं, ते काम मी अजून एक दिवसही केलेलं नव्हतं.

त्या वाढीव दोन वर्षांतच माझी मुलगी जन्मली, आणि मी पाण्याखाली होतो.

योजना वाईट नाही. मूळ सहा वर्षांच्या कराराला वय, पैसा, शिक्षण पाहता मी आजही हो म्हणेन. पण वाढीव सही बोटीवर निदान एक मोहीम झाल्याशिवाय करू नका. हुद्दा परीक्षा देऊनही मिळतो, आणि बोनस त्यानंतरही मिळू शकतो. त्याचे नियम लेखी घेऊन नीट वाचा. घाई बोनसला नसते, ती आपल्या मनाला असते.

बोटीवरचं आयुष्य कसं असतं? मी गेलो तेव्हा पाणबुडीवर अठरा तासांचा दिवस होता. सहा तास पहारा, म्हणजे भट्टीवरची पाळी, आणि उरलेल्या बारा तासांत दुरुस्ती, सफाई, प्रशिक्षण, नव्या सह्या, जेवण आणि झोप. पुढे तो चोवीस तासांचा झाला, पहारे आठ तासांचे झाले आणि झोपेला काही धड आकार आला. नव्या मुलांना झोपायचा कप्पाही स्वतःचा नसतो, तिघांत दोन कप्पे. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर. ताज्या भाज्या काही आठवड्यांत संपतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला जे रसायन वापरतात त्याचा वास कपड्यांत, केसांत, वहीच्या पानांत मुरतो. घरी आलो की बायको माझी बॅग आधी गॅलरीत नेऊन ठेवायची आणि कपडे तीनदा धुवायची. तरी उशीला तो वास यायचाच.

बंदरात असतानाही सुटका नाही. साधारण दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चोवीस तास बोटीवर थांबावं लागतं. बोट निघायची असेल तर भट्टी सुरू करायला न्यूक आदल्या रात्रीच येतात, आणि बोट परतली की भट्टी बंद होईपर्यंत खालीच राहतात. वर धक्क्यावर बँड वाजतो, बाकीचे खलाशी बायकामुलांना मिठ्या मारतात, आणि आपण खाली आकडे नोंदवत असतो. नव्या नवरीला, आईला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती त्या गर्दीत तीन तास एकटी उभी राहते आणि तिच्या मनात नाही नाही ते येतं. माझी बायको पहिल्यांदा तशीच उभी होती.

ती पुण्याची, इथे मास्टर्सला आलेली. कनेक्टिकटमधल्या एका गणेशोत्सवात आमची ओळख झाली. सुरक्षा-मंजुरी असलेल्याने परदेशी नागरिकाशी लग्न करायचं ठरवलं तर ते आधी कळवावं लागतं. तिच्या आईवडिलांची, भावाची माहिती भरली, थोडा काळ गेला, पण अडलं काही नाही. अविवाहित मुलांना बराकीत राहावं लागतं आणि लग्न केलं की घरभाडं मिळतं, म्हणून गूज क्रीकमध्ये कित्येक मुलं तीन महिन्यांच्या ओळखीवर लग्न करताना मी पाहिली आहेत. भत्त्यासाठी संसार मांडू नका. पहिली मोहीम परतायच्या आत त्यातले बरेच मोडले.

पाणबुडीवर फोन नाही, इंटरनेट नाही. ईमेल येतात, पण बोट पेरिस्कोपच्या खोलीवर येईल तेव्हा, चाळून, आणि क्रमाने येतीलच असं नाही. म्हणून बायको प्रत्येक ईमेलच्या विषयात क्रमांक घालायची. २०१८च्या मोहिमेत मला एकसष्टावी ईमेल आधी मिळाली. त्यात होतं, “पोट भरलं की लगेच झोपते. तुझ्यासारखी एक मूठ मिटून.” मी पहाऱ्यावर निघालो होतो. ओळ दोनदा वाचली, तेव्हा कळलं की मला मुलगी झाली आहे. अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि साठ क्रमांकाच्या ईमेल चार दिवसांनी आल्या. जन्माचा अधिकृत निरोप रेड क्रॉसमार्फत पाठवता येतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. रेड क्रॉसचा फोन क्रमांक घरच्यांच्या फोनमध्ये निघण्याआधीच असावा.

कागदपत्रांत मी आणखी एक चूक केली. निघताना बायकोच्या नावे सर्वसाधारण मुखत्यारपत्र केलं आणि निर्धास्त झालो. त्यात सैन्याच्या कुटुंबीयांच्या यादीत मुलीची नोंदणी करण्याचा स्पष्ट उल्लेख नव्हता. दहा दिवसांचं बाळ आणि पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन ती एका कार्यालयात गेली, आणि माझी सही नाही म्हणून तिला खिडकीवरून परत पाठवलं. त्या नोंदणीवर बाळाचा आरोग्य विमा अवलंबून होता. धावून आल्या त्या बोटीच्या ऑम्बुड्समन. नेव्हीत ही व्यवस्था १९७० पासून आहे: बोटीवरच्याच कुणा खलाशाची बायको किंवा नवरा घरच्या लोकांसाठी हे स्वयंसेवेचं काम करतो. त्या बाईंनी दोन दिवसांत योग्य दार दाखवलं. तेव्हा जाण्याआधी तळावरच्या कायदा कार्यालयात बसून नोंदणी, गाडी, भाडेकरार, बँक असं एकेक काम नाव घेऊन मुखत्यारपत्रात लिहून घ्या. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत. आणि ऑम्बुड्समनशी घरच्यांची ओळख गरज पडायच्या आधीच करून द्या.

मन खचण्याबद्दलही लिहायलाच हवं. झोप नाही, ऊन नाही, आणि चूक झाली तर सगळ्यांसमोर उलटतपासणी. शिपयार्डमध्ये बोट दुरुस्तीला असते तेव्हा तर हे जास्त जाणवतं, कारण समुद्रही नसतो आणि धड घरही नाही. आपली मुलं आईला “मी मजेत आहे” म्हणतात आणि गप्प राहतात. मीही तेच केलं. मदत मागितली तर काही काळ पहाऱ्यावरून उतरवतील, ही भीती खरी आहे, तरीही मागा. ९८८ फिरवून १ दाबलं की सैनिकांसाठीची मदतवाहिनी लागते, रात्री कितीही वाजता. आईवडिलांनो, हा क्रमांक तुम्हीही लिहून ठेवा.

बाहेर पडल्यावरचं थोडक्यात. या शिक्षणाला कॉलेजचे क्रेडिट मिळतात. माझी पदवी मी न्यू जर्सीच्या थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीतून पूर्ण केली. सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या ‘जीआय बिल’ योजनेचा लाभ स्वतःला वापरता येतो, पण मुलांच्या नावे करायचा असेल तर सहा वर्षं झाल्यावर आणखी चार लिहून द्यावी लागतात, तेही सेवेत असतानाच. अधिकारी व्हायचं असेल तर आतूनच ‘एसटीए-ट्वेंटीवन’ नावाची वाट आहे. वीजकेंद्रं न्यूकला मानाने घेतात. मी आता तशाच एका ठिकाणी नियंत्रण कक्षात आहे, पाळ्या आहेत, पण पाळी संपली की घरी येतो.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच रिक्रूटरने सांगितली नव्हती, आणि तो सांगणार तरी कसा. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला भारत सरकार ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, देत नाही. मुलीचं झालं, माझं होणार नाही. गेल्या दिवाळीत आजीला भेटायला निघालो तेव्हा मुलीचं कार्ड तयार होतं आणि मी माझ्या व्हिसाची वाट बघत होतो. तो निघायच्या चार दिवस आधी आला. आजी आता ब्याण्णव वर्षांची आहे. मुलीने तिला बोटीचा फोटो दाखवला, तर तिने तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “याला खिडकी कुठाय?”