देव सांगतोय की आपलंच मन? पारखायची रीत

उपासना सुटली की चर्चच्या अंगणात कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. "आत्या, प्रभू मला खूण देतोय असं वाटतंय." मी आधी एकच विचारते: खूण दिसायच्या आधी तुला काय हवं होतं? उत्तर खरंखरं द्यायचं, जमलं तर वहीत लिहायचं. मनात आधीच ठरलेलं असलं की जिकडेतिकडे त्याच्याच खुणा दिसतात.

माझ्या भाच्याला इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या बाजूला प्लॉट घ्यायचा होता. सकाळी प्रार्थना करून त्याने डोळे मिटून बायबल उघडलं, बोट टेकलं. निघालं उत्पत्ती १३:१५. दिसतो तो सगळा देश तुला देईन, असं देव म्हणतो ते वचन. झालं, त्याच्या मते प्लॉट देवानेच दिला! मी म्हटलं, बाळा, अध्याय पहिल्यापासून वाच. अब्राम पुतण्या लोटाला म्हणतो, तू आधी निवड, उरेल ते मी घेईन. लोट नजर टाकतो, हिरवीगार, भरपूर पाण्याची जमीन बघतो आणि सदोमाकडची बाजू उचलतो. डोळ्यांत भरली म्हणून जमीन घेणारा तिथे लोट आहे. देवाचं वचन येतं ते हक्क सोडणाऱ्या अब्रामाला.

मग मी डायव्हर्शनचे, म्हणजे शेतजमीन बिगरशेती झाल्याचे, कागद बघायला सांगितलं. दलाल उद्या-परवा करू लागला, बयाणा मात्र आज संध्याकाळपर्यंतच हवा होता. देवाचा इशारा होता तो इथे, न दाखवलेल्या कागदात. भाच्याने पैसे दिले नाहीत. बायबलात बोट टेकून निर्णय घेऊ नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. सैतानानेही मोहाच्या वेळी येशूपुढे स्तोत्रच म्हटलं होतं (मत्तय ४). एक ओळ पुरत नाही, मागचंपुढचं लागतं.

"सगळं कसं आपोआप जुळून आलं" ही खूणसुद्धा अपुरी. योना संदेष्टा याफो बंदरात पोचला तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज उभं होतं, भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. देवाने मात्र त्याला निनवेला जायला सांगितलं होतं. म्हणून आधी वचन बघा, मग जाणत्या माणसाचा सल्ला घ्या, परिस्थितीकडे सगळ्यात शेवटी वळा.

आता आतून येणाऱ्या ओढीबद्दल. माझा जन्म नर्सच्या नोकरीत गेला, त्यामुळे माझा नियम कामाचा आहे. ज्यात कुणाचं भलं आहे आणि चुकलं तरी काही बिघडत नाही, ते लगेच करा. जे परत फिरवता येत नाही, त्यासाठी थांबा. एकदा दुपारी भांडी घासताना शेजारच्या मावशींची आठवण हटेना. हात पुसले आणि गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या, कपाळावर गार घाम, बोलणं अडखळत होतं. इन्सुलिन घेऊन जेवायच्या राहिल्या होत्या. मशीनवर साखर ५२ आली. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी पाजलं. त्या ठीकच असत्या तर माझं काय जाणार होतं? चहा पिऊन परत आले असते. पण नोकरी सोडणं, घर विकणं, लग्न ठरवणं किंवा मोडणं यासाठी एक ओढ पुरेशी नाही. आणि मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हे कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलांचं सांगणं आमच्या प्रोटेस्टंट घरातही पाळावं असं मला वाटतं.

इशारा आणि भीती यांत लोकांची फार गफलत होते. मांजर आडवं गेलं, डोळा लवला, पाल चुकचुकली. ख्रिस्ती घरांतही हे आहेच, फक्त त्याला "आत्म्याने सावध केलं" म्हणतात. देवाचा इशारा नेमका असतो: अमुक कागद बघ, अमुक माणसाची माफी माग. भीती नुसतीच काहीतरी वाईट होणार म्हणते आणि झोप घालवते. बरं, खरा इशारा म्हणजे दर वेळी "जाऊ नको" असंही नाही. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये अगब संदेष्टा पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो. सगळे रडतात, पौल तरीही यरुशलेमेला जातो. इशाऱ्याने त्याची तयारी झाली, वाट बदलली नाही.

एकट्याने ठरवू नका. लहान शमुवेलाला रात्री आलेली हाक देवाचीच होती, पण ती कुणाची हे म्हाताऱ्या एली याजकाने सांगितलं. पाळकसाहेब असोत, आई असो, तुमच्या "हो"ला "हो" न मिळवणारं माणूस गाठा. "हे कुणाला सांगू नको, देवाने फक्त तुलाच दाखवलंय," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, मग तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो.

आणि कुणाच्या कानात स्पष्ट आवाज येत असतील, रात्र-रात्र झोप नसेल, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर त्या माणसाला त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. एकटं सोडू नका. प्रार्थना रिक्षात बसूनही होते. औषध सुरू झालं की मंडळीतल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका; डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टरच ठरवतील.