खालून वर: बार्शी लाइट रेल्वेची वाघीण स्क्रॅचबिल्ड करताना

मालगाडीच्या वाघिणीचं चालतं मॉडेल स्क्रॅचबिल्ड, म्हणजे तयार किट न घेता स्वतः तुकडे कापून, पहिल्यांदाच करायचं तर वाघीण उघडी करा, बोगीवाली करा, आणि वरचा डबा सगळ्यात शेवटी करा. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, तर त्याच्याखालचा दोन आसांचा, वळणारा चाकांचा गाडा.) नवीन माणूस नेमका उलटा जातो. रिवेट, दारं, कड्या, अक्षरं यांत जीव अडकतो, दोन-तीन आठवडे खपून सुंदर डबा तयार होतो आणि मग प्रश्न पडतो की आता याच्याखाली चाकं कशी बसवायची. अशा वाघिणी शोकेसमध्ये छान दिसतात. गाडीला जोडून मागे ढकलल्या की पहिल्याच सांध्यावर उतरतात.

मी ज्या गाडीच्या वाघिणी करतो तिच्या जन्मातच हा धडा आहे, म्हणून आधी थोडं तिच्याविषयी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढे फाटे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेले. १९५४ साली ती सरकारी झाली आणि आज ती सगळी ब्रॉडगेज आहे. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. (याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धात ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. ‘हलकं, पण भार पेलणारं’ हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नसावं.) इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा हिशेब होता. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. चार आसांची वाघीण म्हणजे मालासकट २० टन. मालाच्या वाघिणींसाठी त्याने २५ फुटी, दाबीव पोलादाचा एकच सांगाडा ठरवला. तो लीड्स फोर्ज कंपनीने बनवला. सॅमसन फॉक्सची ही कंपनी दाबीव पोलादाच्या बोगींसाठी नावाजलेली होती. खाली सांगाडा एकच, वर काय हवं ते. हौशी माणसासाठी यापेक्षा सोयीचा नमुना मला तरी माहीत नाही.

आता प्रमाण. यात फार घोळ घातला जातो, पण गणित साधं आहे. खऱ्या रुळांमधलं अंतर भागिले तुमचं प्रमाण. (एन आणि एचओ ही तयार मिळणाऱ्या मॉडेल रेल्वेची ठरलेली मापं.) ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, म्हणून १:८७ मध्ये एन गेजचा ९ मिमी रूळ जवळपास तंतोतंत बसतो. ७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९, म्हणून १:४८ मध्ये एचओचा १६.५ मिमी रूळ चालतो. फरक चार टक्क्यांच्या आत, डोळ्याला कळत नाही. या दुसऱ्या प्रकाराला ओएन३० म्हणतात. नवशिक्याला मी हाच सुचवतो. २५ फुटी वाघीण इथे जवळपास १५९ मिलिमीटर होते, हातात नीट धरता येते. १:८७ मध्ये तीच जेमतेम ८८ होते आणि चिमटा धरलेला हात थरथरायला लागतो. शिवाय चाकं, बोगी आणि कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे) एचओचे वापरता येतात, आणि आपल्याकडे मिळायचंच झालं तर एचओचंच सामान मिळतं. एचओचं १०.५ मिमी व्यासाचं चाक १:४८ मध्ये जवळपास ५०० मिमीचं ठरतं. नॅरोगेजची चाकं मुळातच लहान, त्यामुळे ते शोभतं. माथेरानच्या दोन फुटी गाडीवर जीव असेल तर ३२ मिमी रुळावर १:१९ चं मोठं मॉडेल होऊ शकतं, पण त्याला बाग किंवा गच्ची लागते.

मापं कुठून आणायची? एक लांबी खात्रीने माहीत असली की बाकीची फोटोतून काढता येतात. वाघिणीचा शक्य तितका सरळ बाजूने घेतलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि सांगाड्याची लांबी पिक्सेलमध्ये मोजा. ती १२५० भरली तर एका फुटाला ५० पिक्सेल. आता बाजूची उंची, बोगींच्या मध्यांमधलं अंतर, खांबांची जागा, सगळं याच पट्टीने मोजा. फोटो थोडा तिरका असेल तर जवळचं टोक फुगतं. मग दोन्ही टोकांची मापं घेऊन सरासरी काढा. रुंदी बाजूच्या फोटोतून कळत नाही, तिच्यासाठी समोरून घेतलेला फोटो शोधावा लागतो. आणि एकदा तरी नागपूरला मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात टेप घेऊन जा. तिथली वाहनं बार्शीची नाहीत, सातपुड्याकडच्या लाइनींची आहेत, पण गेज तेच अडीच फुटांचं. खरी बोगी खालून वाकून पाहिल्याशिवाय ब्रेकचे दांडे कुठून कुठे जातात ते डोक्यात बसत नाही. चालत्या मॉडेलची नजर यायला पुण्यातलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालयही बघून घ्या.

सामानाची यादी छोटी आहे. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनची पांढरी शीट आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते; ०.२५, ०.५ आणि १ मिमी अशा तीन जाड्या पुरेत. सनबोर्ड किंवा पुठ्ठा घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात दोन्ही टिकत नाहीत. कटर, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, बारीक कानस, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा. आणि दगडवाल्याकडून किचनच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा. इतका सपाट पृष्ठभाग इतक्या स्वस्तात दुसरा मिळायचा नाही. चिकटवायला प्लास्टिक सिमेंट म्हणजे पातळ सॉल्व्हंट. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. फेविक्विक फक्त धातू प्लास्टिकला लावताना. सॉल्व्हंट ब्रशने सांध्यात सोडा, तो आपोआप आत ओढला जातो; खिडकी मात्र उघडी ठेवा, ती वाफ चांगली नाही. शीट आरपार कापायची नसते. पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार रेघा मारायच्या आणि वाकवून मोडायची. जोर लावला की पातं भरकटतं.

आता सांगाडा. १ मिमी शीटचा १५९ मिमी लांब तुकडा म्हणजे फरशी. तिच्याखाली दोन लांब तुळया, दोन्ही टोकांना आडव्या तुळया, आणि बोगी जिथे बसणार तिथे आडवे बोल्स्टर, म्हणजे बोगीवर टेकणाऱ्या पट्ट्या. हे सगळं ग्रॅनाइटवर गुण्याला टेकवून चिकटवा. चार कोपरे एकाच वेळी दगडाला टेकले पाहिजेत. पिळ राहिला असेल तर तो आत्ताच काढा, पुढे डबा चिकटल्यावर निघत नाही. बोगी पहिल्यांदा एचओच्या तयार घ्या. दाबीव पोलादाची बोगी बाजूने सपाट पत्र्यासारखी दिसते, त्यामुळे तयार बोगीच्या बाजूवर ०.५ मिमी शीटमधून कापलेला आकार चिकटवला की काम भागतं.

खरी मेख बोगी बसवण्यात आहे. तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर ठेवा, डुगडुगत नाही. वाघिणीलाही तीनच टेकू द्यायचे. एका बोगीच्या पिव्हटच्या (ती ज्या स्क्रूभोवती वळते त्याच्या) डाव्या-उजव्या बाजूला बोल्स्टरखाली शीटचे दोन बारीक ठोकळे लावा. ही बोगी वळेल, पुढे-मागे डोलेल, पण आडवी कलणार नाही. दुसऱ्या बोगीला मात्र पिव्हटभोवती फक्त एक छोटा वॉशर द्या आणि स्क्रू अर्धा आटा सैल ठेवा, म्हणजे ती सगळीकडे कलेल. दोन्ही घट्ट बसवल्या तर रूळ जरा वरखाली झाला की एक चाक हवेत राहतं. दोन्ही सैल ठेवल्या तर वाघीण झुलते.

कपलर केडी कंपनीचे नंबर ५ लावले तर त्यांचा मध्य रुळाच्या माथ्यापासून जवळपास १० मिमी उंचीवर हवा. ही उंची बोल्स्टरच्या जाडीने साधायची, कपलर वाकवून नव्हे. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने बघा, ते १४.४ मिमीच्या आसपास असलं पाहिजे. मग नुसता सांगाडा, वर तात्पुरतं वजन टेपने चिकटवून, १८ इंच त्रिज्येच्या वळणावर आणि काट्यांमधून (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागांवरून) चालवा. ओढून नाही, ढकलून. ओढताना सगळंच चालतं. उलट्या दिशेने, काट्याच्या वळत्या बाजूने, इंजिनाने पाठीमागून रेटल्यावरही सांगाडा रुळावर राहिला, तरच पुढचं काम हाती घ्या.

वजनाला अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेचं एचओसाठीचं सूत्र मी वापरतो: १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या वाघिणीला ते साधारण ११५ ग्रॅम येतं. प्लास्टिक मुळात हलकं, त्यामुळे भर घालावीच लागते. टायरच्या दुकानात बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या तुळयांच्या मध्ये लपून बसतात. शिसं वापरत असाल तर ते फेविकॉलमध्ये बुडवू नका. शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी सांगाडा आतून फोडतं. वजन दोन्ही बोगींवर सारखं वाटा.

डबा आता सोपा वाटेल. अडचण जाडीची आहे. १ मिमी शीट म्हणजे खऱ्या जगातले ४८ मिलिमीटर, आणि उघड्या वाघिणीची कड तर सगळ्यांना दिसते. यावर युक्ती अशी की वरची कड आतल्या बाजूने कानशीने तिरकी उतरवायची. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पातळ धार दिसते आणि पत्रा वाटतो. रिवेटसाठी ०.२५ मिमी शीटवर आलेखाचा कागद चिकटवा आणि बोथट सुईने मागून एकसारखं दाबत जा. खऱ्या पत्र्यावर चार इंचांवर रिवेट असेल तर इथे अंतर दोन मिमीच्या किंचित वर. आधी रिवेट, मग कापणी. दाबताना शीट पसरते आणि आधी कापलेलं माप चुकतं. ही पातळ शीट जाड शीटवर चिकटवताना दोन्ही बाजूंनी चिकटवा, एकाच बाजूला लावली तर सॉल्व्हंट सुकताना बाजू पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी वळते. पुढे बंद डबा कराल तेव्हा फरशीला खालून दोन-चार भोकं पाडायला विसरू नका. आत कोंडलेली सॉल्व्हंटची वाफ महिनोन्महिने प्लास्टिक मऊ करत राहते आणि भिंती आत खचतात.

रंगाबद्दल थोडक्यात. जुने फोटो काळे-पांढरे, त्यावरून छटेचा वाद घालत बसू नये. साबणाने धुऊन गाडीच्या स्प्रे प्रायमरचा पातळ हात द्या, वर मॅट रंग. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागलेला असताना स्प्रे मारला तर लॅकरवर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडा दिवस बघा. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे गडद वाघिणीवरची पांढरी अक्षरं एक तर बाहेरून छापून आणावी लागतात, नाहीतर बारीक ब्रशने हाताने लिहावी लागतात.

एक सांगाडा नीट चालला की दुसरा एकटा करू नका. एकाच बैठकीत चार फरशा, आठ लांब तुळया, आठ बोल्स्टर कापून ठेवा. पट्टी एकदा लावली की चार तुकडे एकाच मापाचे निघतात; वेगवेगळ्या रविवारी कापले तर कधीच निघत नाहीत. वर एक उघडी, एक बंद, एक सपाट, एक गार्डाची ब्रेकव्हॅन, काय वाटेल ते करा. कॅलथ्रॉपचा एकाच सांगाड्याचा हिशेब इथे घरच्या टेबलावरही लागू पडतो.

उघड्या वाघिणीत माल हवाच, आणि त्याने उरलेलं वजनही भरून निघतं. बार्शी-लातूरकडचा माल म्हणजे कापूस आणि धान्य-गळिताच्या गोण्या. एम-सील मळून १९ मिमी लांबीच्या वळकट्या करा, म्हणजे खरी तीन फुटी गोणी. अर्धवट घट्ट झाल्यावर एकीवर एक रचून बोटाने जरा दाबा, म्हणजे खालच्या फुगतात आणि वरच्या त्यांच्यावर बसतात. पोत उठवायला खरं गोणपाट वापरू नका, त्याची वीण या प्रमाणात दोरखंडासारखी दिसते. जुन्या मलमलीचा ओला तुकडा दाबून लगेच उचलायचा.