सिल्हूट मॅचसाठी इलेक्ट्रॉनिक टार्गेट: बसवणं, जुळवणं आणि मॅचमध्ये वापरणं

कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा. एअर रायफल सिल्हूट या नेमबाजीच्या प्रकारात लोखंडी पत्र्याच्या या आकृत्या याच क्रमाने २०, ३०, ३६ आणि ४५ यार्डांवर उभ्या असतात. उभ्यानेच नेम धरायचा, पाच आकृत्यांच्या ओळीला पाच छर्रे आणि अडीच मिनिटं, डावीकडून उजवीकडे, एका आकृतीला एकच छर्रा. आणि आकृती पडली तरच गुण. ठण्ण वाजून जागेवरच उभी राहिली, तर ती 'मिस'.

आकृतीवरचा हिट आपोआप कळवणारा सेन्सर घेण्याआधी हा शेवटचा नियम नीट डोक्यात बसवा. दहा मीटरच्या रेंजवरचं इलेक्ट्रॉनिक टार्गेट छर्रा कुठे लागला ते मिलिमीटरच्या अंशात मोजतं. सिल्हूटला फक्त हो किंवा नाही हवं असतं. पण 'हो' म्हणजे लागलं की पडलं? पडण्यावर गुण द्यायचे असतील, तर आकृतीच्या बुडाखाली हलक्या पात्याचा लिमिट स्विच पुरतो. इन्फ्रारेड सेन्सर तिथे लावू नका, नागपूरच्या उन्हात साधा रिसीव्हर आंधळा होतो. सरावाला किंवा क्लबच्या आपसातल्या मॅचला 'लागलं की गुण' असं आधीच जाहीर करून आकृती न पाडता धक्का मोजता येतो. दर फेरीला आकृत्या उभ्या करायला जावं लागत नाही, हा मोठा फायदा. एप्रिल-मे महिन्यात त्याची किंमत कळते. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्ऱ्याला ३ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा चालतो. नागपुरात इतवारीतल्या लोहा ओळीत पत्रा घ्या आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत लेझरने कापून घ्या. गॅसने कापलेली कड ओबडधोबड येते. पोचा पडलेली प्लेट, म्हणजे कापलेली आकृती, वापरू नका, खोलगट जागेवरून छर्रा मागे फिरतो. स्टीलच्या गोळ्यांना पूर्ण बंदी, आणि फायरिंग लाइनवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा.

प्रत्येक प्लेटला स्वतंत्र खांब द्या. एकाच आडव्या अँगलवर पाचही प्लेटा बोल्टने आवळल्या, तर एकीवरचा धक्का पाचही सेन्सरांना पोचतो आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर तो निस्तरू शकत नाही. खांब आणि प्लेट यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे दोन-तीन पदर घाला. प्लेटचं डोकं किंचित नेमबाजाकडे झुकवा म्हणजे शिशाचे तुकडे खाली उडतील. तरीही काही तुकडे प्लेटच्या पृष्ठालगत बाजूला फेकले जातातच, म्हणून दोन प्लेटांच्या मध्ये उभी फळी हवी.

सेन्सर म्हणून २७ मिलिमीटरची पिएझो चकती, म्हणजे धक्का बसला की व्होल्टेज देणारी चकती, पुरते. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती बझरची चकती म्हणूनच मागा. पितळेची बाजू प्लेटच्या मागे, गंज घासून काढलेल्या जागी, अरल्डाइटने चिकटवा. छर्ऱ्याच्या धक्क्याने चकती दहा-वीस व्होल्ट सहज देते, म्हणून तिच्या दोन टोकांत १ मेगाओमचा रेझिस्टर, मग १० किलोओम मालिकेत, आणि ईएसपी-३२ च्या (वाय-फाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) पिनवर ३.३ व्होल्टचा झेनर डायोड. पिन ३२ ते ३९ मधलीच निवडा; बाकीच्या अ‍ॅनालॉग पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. तो १ मेगाओम गाळू नका. पिएझो तापमान बदललं तरी व्होल्टेज देतो, ढगाची सावली सरकली की शून्य रेषा हलते. हा रेझिस्टर तो साचलेला भार वाहून नेतो.

सर्वात आधी तुटतो तो चकतीवरचा सोल्डर. जाड वायर तिथे टिकत नाही. बारीक, बहुपदरी, सिलिकॉन वेष्टणाची वायर घ्या, तिला एक सैल वेटोळं द्या आणि जोडावर आंबट वास न येणारा सिलिकॉन सीलंट लावा. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर मऊ पडतो.

आता जुळवणी. यावरच सगळं ठरतं, आणि घाईत हीच पायरी सुटते. आकडे हवेत दोन: खऱ्या हिटपैकी सगळ्यात दुबळा कोणता आणि खोट्या धक्क्यांपैकी सगळ्यात जोरदार कोणता. पहिल्यासाठी मॅचमधली सगळ्यात कमी ताकदीची रायफल घ्या आणि ४५ यार्डांवरच्या मेंढ्याच्या पायावर, शिंगाच्या कडेवर, शेपटाकडे दहा-दहा छर्रे मारा. पोटावर मारून काही कळत नाही, तिथला आकडा कमालीलाच टेकतो. दुसऱ्यासाठी शेजारच्या प्लेटवर मधोमध दहा छर्रे मारा, समोरच्या मातीतही मारा, आणि प्रत्येक वेळी या सेन्सरचा सर्वोच्च आकडा लिहा. समजा, शेजारच्या धक्क्याचा सर्वोच्च आकडा ४०९५ (बोर्ड वाचू शकतो तो कमाल आकडा) पैकी ३०० आला आणि कडेचा दुबळा हिट १४०० वर आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की हिट धरायचा तो आकडा, ६५० च्या आसपास ठेवा, म्हणजे दोन्हीकडे दुपटीहून जास्त अंतर राहतं. दोन आकडे एकमेकांत मिसळत असतील, तर थ्रेशोल्डशी खेळत बसू नका. दोष खांबात, ट्यूबच्या पदरांत किंवा चिकटवण्यात आहे. डुकराचा आकडा मेंढ्याला लावू नका, प्रत्येक प्लेटचा वेगळा असतो.

प्रोग्रॅममध्ये धक्का मोजायचा, तर क्षणिक सर्वोच्च मूल्य पकडा. वाय-फायवर संदेश पाठवत असताना वाचन थांबलं, तर मिलिसेकंदांत संपणारा धक्का निसटतो. एका ओळीत प्लेटला एकच छर्रा असल्याने पहिला हिट नोंदवून प्लेट रीसेट होईपर्यंत बंद ठेवा, म्हणजे तिच्या थरथरण्याचा प्रश्नच उरत नाही. वेळेची नोंद मात्र हवीच. क्रम चुकवून दुसरी प्लेट मारली का, 'सीझ फायर'नंतर (गोळीबार थांबवण्याच्या हुकमानंतर) मारली का, हे त्यावरूनच ठरतं. पोच मिळेपर्यंत संदेश पुन्हा पाठवत राहावा, आणि प्रत्येक प्लेटने दर सेकंदाला 'मी चालू आहे' हे कळवावं. नाही तर संपलेली बॅटरी आणि चुकलेला छर्रा पडद्यावर सारखेच दिसतात.

डबा प्लास्टिकचा, पांढरा, वाळूच्या पोत्याआड. अँटेना लोखंडामागे लपवू नका. १८६५० लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये, आणि नवतपात बंद डब्यातलं तापमान सावलीतल्या पाऱ्याच्या बरंच वर जातं. म्हणून सेल रात्री घरात चार्ज करून आणा आणि मॅच सकाळीच उरका. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा खांब कलतो आणि आकडे बदलतात. खांब मुरुमात किंवा काँक्रीटने भरलेल्या डब्यात रोवा.

मॅचच्या सकाळी रायफल न उचलता तपासणी होते. सहा मिलिमीटरचा बेअरिंगचा छर्रा दोऱ्याला चिकटवून प्लेटसमोर लोंबता धरा, प्लेटपासून २० सेंटिमीटर मागे ओढून सोडा. जुळवणीच्या दिवशी लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाव भाग कमी आला, तर चकती सुटत आली आहे.

स्पॉटिंग स्कोपवरचा (छोट्या दुर्बिणीतून पाहणारा) स्कोअरर काढू नका. त्याला हिट दिसला आणि दिवा लागला नाही, तर ओळ संपू द्या, मग सगळ्या रायफली उघड्या ठेवून 'सीझ फायर' पुकारा आणि प्लेट पाहा. ताजा शिशाचा डाग असला तर हिट, नसला तर मिस. त्यासाठी प्रत्येक फेरीआधी प्लेटा स्प्रेने रंगवलेल्या हव्यात, नाही तर डाग कोणाचा हे सांगता येत नाही. माती किंवा खडा उडून दिवा लागला तर काय, हेही पहिल्या छर्ऱ्याआधी सगळ्यांसमोर ठरवून फळ्यावर लिहा. वादाच्या प्लेटचं नाव आणि आकडाही वहीत उतरवा. एकाच प्लेटचं नाव तीनदा आलं, तर पुढच्या फेरीआधी ती पुन्हा जुळवा.

प्लेटा काढून झाल्यावर शिसं झाडून बंद डब्यात भरा आणि पाण्याची बाटली उघडण्याआधी हात साबणाने धुवा.