सीटी स्कॅनसाठी कॉम्प्रेशनची पद्धत निवडताय? या चुका टाळा

छातीच्या सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका आडव्या छेदाची प्रतिमा, म्हणजे ५१२ बाय ५१२ पिक्सेल, प्रत्येकाला २ बाइट. म्हणजे अर्धा एमबी. एका तपासणीत अशा शेकडो स्लाइस निघतात, त्यामुळे सर्व्हर बघता बघता भरतो. मग कॉम्प्रेशनची पद्धत शोधायची आणि पीएसएनआर (मूळ आणि दाबलेल्या प्रतिमेतल्या सरासरी फरकावरून निघणारा, डेसिबलमधला आकडा; जास्त तितका चांगला) चांगला आला की तीच पक्की करायची, असं सर्रास होतं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

कागदावर हिशोब मांडून पाहा. ३५ सेंटिमीटरच्या फील्डमध्ये (स्लाइसमध्ये मावणाऱ्या रुंदीत) एक पिक्सेल साधारण ०.६८ मिलिमीटरचा पडतो. फुप्फुसातली ४ मिलिमीटरची गाठ म्हणजे जेमतेम २७ पिक्सेल. भोवतालचं फुप्फुस उणे ८०० हाउन्सफिल्डच्या (सीटीत घनता मोजायचं एकक) आसपास, भरीव गाठ शून्याच्या आसपास. समजा, कॉम्प्रेशनमध्ये गाठ पूर्ण पुसली गेली आणि बाकी स्लाइस जशीच्या तशी राहिली. तरीही १२ बिटांच्या (कमाल मूल्य ४०९५) हिशोबाने पीएसएनआर येतो ५४ डेसिबल! आकडा उत्तम, आणि ज्या गाठीसाठी त्या माणसाला मशीनमध्ये झोपवलं तीच नाहीशी. सरासरीत २७ पिक्सेलांना कोण विचारतो? म्हणून एकेका पिक्सेलमधली कमाल चूक बघा, मूळ प्रतिमेतून नवी वजा करून उरलेला फरक डोळ्यांखालून घाला. त्यात नुसता नॉइज (विस्कळीत दाणेदारपणा) दिसला तर ठीक. अवयवांच्या कडा दिसू लागल्या तर माहिती गेली आहे. शेवटी रेडिओलॉजिस्टना दोन्ही प्रती वाचायला द्या, पण कोणती कोणती ते सांगू नका.

पीएसएनआरच्या सूत्रातही एक खड्डा आहे. डेटा १२ बिटांचा, पण फाइलमध्ये तो १६ बिटांच्या जागेत बसतो. ४०९५ ऐवजी ६५५३५ धरलं की आकडा २४ डेसिबलनी फुगतो.

विंडो लावून (म्हणजे हाउन्सफिल्डचा ठरावीक पट्टाच करड्या छटांत दाखवून), ८ बिटांची जेपीईजी काढून त्यावर चाचणी घेऊ नका. १५०० रुंदीची, उणे ६०० लेव्हलची फुप्फुसाची विंडो घेतलीत, तर १५० हाउन्सफिल्डच्या वरचं सगळं एकसारखं पांढरं होतं. हाड आणि कॉन्ट्रास्टने (स्कॅनमध्ये उठून दिसावं म्हणून टोचलेल्या द्रव्याने) भरलेली रक्तवाहिनी यांत फरक उरत नाही. मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाणित फाइल-स्वरूप) डेटाच कॉम्प्रेस करा आणि उघडल्यावर फुप्फुस, मिडियास्टिनम (दोन फुप्फुसांमधला भाग), हाडं अशा प्रत्येक विंडोत पाहा.

‘जेपीईजी २००० वापरलं, म्हणजे लॉसलेस (काहीही माहिती न गमावणारं)’ असंही गृहीत धरू नका. त्यातलं ५/३ वेव्हलेट (दाबण्याआधी प्रतिमेचं होणारं गणिती रूपांतर) लॉसलेस चालतं, ९/७ नाही. वजाबाकी करा, प्रत्येक पिक्सेलला शून्यच यायला हवं. फरक हजारोंच्या घरात गेला तर आधी उणे चिन्ह कुठे हरवलं ते शोधा. दोष बहुधा कॉम्प्रेशनचा नसतो, फाइल वाचण्याचा असतो.

५ मिलिमीटरच्या स्लाइसवरचा निष्कर्ष १ मिलिमीटरला लावू नका. पातळ स्लाइसमध्ये नॉइज जास्त, त्यामुळे त्याच प्रमाणात दाबल्यावर ती जास्त बिघडते.

आणि लॉसी (थोडी माहिती गमावणारं) कॉम्प्रेशन झालं असेल तर डायकॉम हेडरमधली त्याची खूण, ‘०१’, कायम ठेवा, प्रतिमा पुन्हा उघडून साठवली तरी.